रिकामा ताबा

मागच्या पौषात पुतण्यानं पुण्याहून एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. पाठोपाठ फोन. "आप्पा, आपला वाडा ज्यांना घ्यायचाय ना, त्यांचं हे आवडतं पुस्तक आहे. वाचून घ्या, म्हणजे त्यांच्या मनात काय आहे ते कळेल."

माझं शिक्षण दहावी, त्यात इंग्रजी काठावर पास. पण कांद्याच्या भरण्याचे दिवस होते. मळ्यात लाईट रात्री बारानंतर यायची, तोवर जागंच राहायचं. सून शाळेत शिकवते. जेवणं आटोपली की ती शेगडीपाशी बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. दीड महिन्यात पुस्तक संपलं. मग मला एवढं बोलावंसं वाटलं की ते लिहूनच काढतो आहे. पुस्तकावर लिहायचा माझा काही अधिकार नाही. पण पुस्तक जुन्या घराबद्दल आहे, आणि जुनं घर माझ्या अंगाखांद्यावर आहे.

पुस्तकाचं नाव 'अ इयर इन प्रोव्हान्स'. लिहिणारा पीटर मेल, इंग्रज माणूस, आधी जाहिरातीच्या धंद्यातला. तो आणि त्याची बायको फ्रान्सच्या दक्षिणेला, लुबेराँ नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, मेनेर्ब गावाजवळ दोनेकशे वर्षांचं दगडी शेतघर विकत घेतात. भोवती द्राक्षाचा मळा. तिथं राहून घर दुरुस्त करून घेतात, त्या एका वर्षाची ही हकिकत. जानेवारी ते डिसेंबर, महिन्याला एक प्रकरण. 1989 साली पुस्तक निघालं आणि इतकं खपलं, की लोक त्याचं घर बघायला दारात येऊन उभे राहू लागले. पुढं त्याला ते घर सोडून काही वर्षं अमेरिकेत जावं लागलं. नंतर तो परत त्याच भागात, लूरमारँ गावी येऊन राहिला. 2018 साली वारला. (गावांची, माणसांची नावं सुनेनं वाचली तशी लिहितो. फ्रेंच माणसाच्या कानावर पडली तर त्यानं राग मानू नये.)

आधी चांगलं सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. आम्ही पोट धरून हसलो. थंडीत त्याचे पाण्याचे पाईप गोठून फुटतात आणि नळवाला येतो. हा मेनिकुची नावाचा नळवाला पाईपाला हात लावायच्या आधी हवामानावर भाषण देतो. आमच्याकडं मोटार भरणारा वायंडर असाच आहे. जळालेली मोटार उघडायच्या आधी तो वीज मंडळापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतो. प्रोव्हान्सचे गवंडी भिंत फोडतात, धुरळा करतात, दारात मालाचं मशीन आणून ठेवतात आणि दुसऱ्याच्या कामावर निघून जातात. कधी येणार विचारलं तर एक शब्द सांगतात, 'नोर्मालमाँ'. म्हणजे 'तसं बघितलं तर'. तसं बघितलं तर मंगळवारी येतो. मेलला हळूहळू कळतं की या शब्दात मंगळवार नाहीच. आमचा सुतार "उद्या नक्की" म्हणतो, त्यातही उद्या नसतो. दारात आणून टाकलेलं जड दगडी मेज जागेवर न्यायला माणसं गोळा करावी लागतात, ते वाचताना मला आमच्या जात्याची तळी हलवली तो दिवस आठवला.

शेवटची युक्ती तर झकास. नाताळ आला तरी कामं अर्धीच. मग मेलची बायको सगळ्या कारागिरांना मेजवानीचं आमंत्रण देते, आणि त्यांच्या बायकांनाही. आपल्या बायकोला अर्धं काम कसं दाखवायचं, या लाजेनं कारागीर धावत येतात आणि घर पुरं होतं. माणूस ओळखल्याशिवाय असं सुचत नाही.

आता माझी पहिली कुरकुर. जेवणाची पानं काढली तर पुस्तक निम्मं होईल. सून म्हणाली, "दादा, ते लोक खाण्यावर जीव टाकतात." टाकू देत. पण दर दहा पानांनी ताट वाढून आलं की भूक मरते.

दुसरी गोष्ट कुरकुरीची नाही, कौतुकाची आहे, आणि ती आपल्याला लागणारी आहे. या परक्या माणसानं गवंड्याचा हात बघितला. कोण भिंत फोडतो, कोण माल कालवतो, कोण किती वेळ थांबतो, कोण कशावर चिडतो. आपल्या मराठीत वाड्यांवर काय कमी लिहिलंय? पण त्यात गवंडी कुठं आहे?

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' मी तालुक्याच्या वाचनालयातून आणून दोनदा वाचलंय. 1985 चं नाटक. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. (आमच्या जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव वेगळं.) म्हातारे तात्याजी गेलेत, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह दिवसाला आलाय, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय. थोरला भास्कर, राबणारा चंदू, शिकायचं राहून गेलेली प्रभा, आतून हाका मारणारी दादी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. इतकं ते आमच्या घरातलं आहे. एलकुंचवारांनी पुढं आणखी दोन नाटकं लिहून त्या घराची गोष्ट शेवटाला नेली.

पण आता मेलचं पुस्तक ऐकल्यावर दुसऱ्यांदा वाचलं, तर एक गोष्ट टोचली. त्या वाड्यात पडझडीचं बोलणं आहे, पैशाचं आहे, सोन्याचं आहे. पावसाळा तोंडावर आलाय आणि कुणी वर चढून छत बघतंय, असं नाही. नाटकाचा विषय दुरुस्ती नव्हे, हे मला कळतं. तरी आपल्या वाड्यांची खरी गोष्ट इथंच कुठंतरी आहे असं वाटतं. मोठ्या घरांची दुरुस्ती त्या घरातल्या लोकांनी हातानं कधी केलीच नाही. सुतार, लोहार, कुंभार यायचे, वडार दगड द्यायचे, कामाचं मोल खळ्यावर बलुत्यात जायचं. खळंच आटलं तेव्हा ते हात यायचे थांबले. घरातल्यांना वाटलं वाडा म्हातारा झाला. वाडा म्हातारा नव्हता झाला, त्याला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. मेल रोख पैसे मोजून गवंड्याची वाट बघत बसला, म्हणून त्याला गवंडी दिसला. आपल्याकडं तो मागच्या दारानं येऊन जायचा, म्हणून लिहिणाऱ्याला दिसला नाही.

आमचं घर देशपांड्यांएवढं मोठं नाही. गाव त्याला वाडा म्हणतं ते दिंडीदरवाजामुळं. पणजोबांनी बांधलं. जोत्यापर्यंत दगड, वर मातीच्या भेंड्यांची हातभर रुंद भिंत, सागाचे खांब, तुळया, आणि वर धाबं. नांदगावकडं पाऊस कमी, म्हणून कौलापेक्षा धाबंच चालायचं. ज्यांनी धाबं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुळयांवर आडव्या कड्या. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचं आणि घर खणांवर मोजायचं. कड्यांवर काटक्यांचा दाट थर, त्यावर कडुनिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. त्यावर मातीचा गिलावा आणि सगळ्यात वर पांढरी माती. ती धुमसानं ठोकायची, पन्हळीकडं थोडा उतार द्यायचा. मृगाच्या आधी दरसाल नवी पांढरी टाकायचीच. एक वर्ष चुकलं की दुसऱ्या वर्षी अंथरुणात पाणी.

काळी माती का नाही चालत? काळी उन्हात भेगाळते आणि भिजली की फुगते. मुरूम पाणी सोडून देतो. पांढरी यायची गावाशेजारच्या जुन्या टेकाडातून. पिढ्यान् पिढ्या माणसं राहून गेलेली जागा ती. राख, शेण, पडक्या भिंती मुरून झालेली माती. पावसात वरचा थर आवळून बसतो. आपण गावाला पांढरी म्हणतो आणि शेताला काळी, ते उगाच नाही. गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ आहे. तिथं पुरातत्त्ववाल्यांनी अशाच टेकाडात खणून ताम्रपाषाण काळातली वस्ती बाहेर काढली. म्हणजे आमच्यासारख्यांच्या धाब्यांवर कुणाकुणाची घरं चढलीत, कोण जाणे. आम्ही ती वस्ती फावड्यानं उपसली, हेही खरंच.

धाब्याचं कौतुक एवढ्यावर थांबवतो, कारण किल्लारी विसरता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिवकडं भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, हेच झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळलं. त्यानंतर आमच्या भागातसुद्धा लोक धाब्याखाली झोपायला भ्यायला लागले. ज्याच्या हाती चार पैसे आले त्यानं मळ्यात स्लॅबचं घर बांधलं. मीही बांधलं. स्लॅब उन्हाळ्यात तापून भट्टी होतो, तरी रात्री उठून वर बघावं लागत नाही. जुन्या घरांसाठी हळहळणाऱ्या शहरातल्या माणसांना हे कुणी सांगत नाही. आम्ही वाडे सोडले ते अडाणीपणानं नाही. भीती होती, वाटण्या होत्या आणि जेठ महिन्यात माती टाकायला माणूस मिळत नव्हता.

वाटण्यांवरून आठवलं. फ्रान्समध्ये नेपोलियननं 1804 साली कायदा केला, बापाच्या मालमत्तेत सगळ्या मुलांना सारखा हिस्सा. म्हणून तिथंही जुन्या घरांना दहा-दहा मालक आणि दहा-दहा मतं. आपल्या गोव्यात पोर्तुगिजांचा कायदा त्याच घराण्यातला. तिथली मोठमोठी घरं कुलपं लावून उभी आहेत, कारण एक वारस मुंबईत, एक लिस्बनला, एक आखातात. मग दिल्ली-मुंबईचा कुणीतरी येतो, सगळ्यांच्या सह्या गोळा करतो, घर घेऊन नवं करतो. लोक म्हणतात, वा, घर वाचलं! आमच्या वाड्याच्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर 11 नावं आहेत. त्या 11 जणांना एका ओट्यावर बसवणं मेलच्या सगळ्या गवंड्यांना एका दिवशी बोलावण्यापेक्षा अवघड.

आणि इथं मेलच्या पुस्तकाशी माझं खरं भांडण सुरू होतं.

त्याच्या पुस्तकात घर विकणारा माणूस जवळजवळ नाहीच. घर आवडलं, घेतलं, राहायला गेले. त्या दगडी घरात आधी कोण जन्मलं, कोण मेलं, कुणी शेवटचं दार ओढून घेतलं, काही नाही. घर जणू डोंगरातून उगवलं आणि इंग्रजाची वाट बघत बसलं.

एक माणूस मात्र आधीपासूनचा आहे. फॉस्टिन. तो शेजारी शेतकरी, मेलच्या मळ्यातली द्राक्षं कसतो. व्यवस्था बटाईची. भांडवली खर्च मालकाचा, मेहनत फॉस्टिनची. दोन हिस्से फॉस्टिनला, एक मालकाला. सून हे वाचत होती तेव्हा मी तिला थांबवून परत सांगायला लावलं. आमच्याकडं निम्म्यानं चालतं, त्यातही बी-खताचा निम्मा भार कसणाऱ्यावर. शिवाय 1948 च्या कुळकायद्याच्या धास्तीनं मालक कागद करत नाही, सगळं तोंडी. पुढच्या वर्षी "तू येऊ नको" म्हटलं की संपलं. त्या मानानं फॉस्टिन बरा.

पण घराचा मालक बदलला की बटाईचा करारही नव्यानं बोलावा लागतो. फॉस्टिनला भीती वाटते. त्या डोंगरात शहरातले लोक सुट्टीची घरं घेत होते, आणि काहींनी वेली उपटून टेनिस खेळायची मैदानं केली होती. हा नवा साहेब काय करतो? मेल म्हणतो, वेली राहू देत, आपलं आहे तसंच चालू ठेवू. फॉस्टिन खूश. गोष्ट मिटते. पुस्तक पुढच्या जेवणाकडं जातं.

मी त्या रात्री मळ्यात बारं देताना याच एका जागेचा विचार करत होतो. पुस्तकातली सगळ्यात खरी जागा ती, आणि लिहिणाऱ्यानं ती अर्ध्या ओंजळीत पिऊन टाकली. घर विकलं जातं तेव्हा त्याच्याबरोबर एक माणूस विकला जाण्याच्या बेतात असतो. त्याचं नाव उताऱ्यावर नसतं. मेल भला होता म्हणून फॉस्टिन वाचला. मेलच्या जागी टेनिसवाला असता तर? मग ते पुस्तक फॉस्टिनला लिहावं लागलं असतं, आणि त्याला कुणी छापणारा मिळाला नसता.

आमच्या वाड्यातही असा एक माणूस आहे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. लग्न होऊन साताण्याकडं गेली. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर 2003 साली परत आली. आम्ही सगळे तोवर मळ्यात राहायला गेलो होतो. मी म्हटलं, मळ्यात चल. ती म्हणाली, मळ्यात बोलायला कोण आहे? वाड्यात देऊळ जवळ, नळ जवळ, समोरची म्हातारी जवळ. तेव्हापासून ती वाड्याच्या दोन खणांत राहते. बाकीचे खण पडत गेले, ते दोन उभे आहेत. ती सारवते, भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा देते, उंदराचं बीळ दिसलं की बुजवते. मी दरसाल मृगाआधी तेवढ्या दोन खणांवर माती टाकून देतो.

तिचं नाव उताऱ्यावर का नाही, तेही लिहायला हवं. वडील 1996 साली गेले. बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा 1956 च्या कायद्यापासून होता, 2005 नंतर तर ती वडिलोपार्जित मिळकतीतही भावाच्या बरोबरीची झाली. पण आमच्याकडं रीत अशी की बहिणींनी हक्कसोड करून द्यायचा. आम्ही तिघी बहिणींना तालुक्याला नेलं, सह्या घेतल्या, परत येताना साडीचोळी घेतली, हॉटेलात जेवलो. अक्का हसत होती. "भाऊ, तू सांगशी तठे मी सही करसु," म्हणाली होती. कुणी जबरदस्ती केली नाही. कागद मीच धरला होता.

एलकुंचवारांच्या नाटकात प्रभा आहे, दादी आहे. विकणाऱ्या घरात बायका कुठं बसलेल्या असतात, हे त्यांनी नेमकं दाखवलंय. त्या बाबतीत ते मेलच्या कोसभर पुढं आहेत. मेलनं भिंतीत हात घातला, एलकुंचवारांनी भिंतीआड बसलेल्या माणसात. दोन्ही एका पुस्तकात कुणी आणलं तर मी ते विकत घेऊन वाचीन, वाचनालयाची वाट बघणार नाही.

फाल्गुनात ते जोडपं वाडा बघायला आलं. माझ्या मनात त्यांची वेगळीच मूर्ती होती, ते तसे निघाले नाहीत. नवरा कंपनीत आहे, बायको घरांचे नकाशे काढते. बाई बूट काढून आत आली. तिच्याबरोबर एक ठेकेदार होता. तो लगेच म्हणाला, "वरचं सगळं उतरवू, याच भिंतींवर स्लॅब टाकू, आतून सिमेंट मारून टाकू." मी म्हटलं, मातीच्या भिंतीवर स्लॅबचं ओझं म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोतं. आणि सिमेंटचा गिलावा मातीला धरत नाही. आतली ओल बाहेर निघत नाही, भिंत आतल्या आत सडते, आणि एक दिवस गिलावा मातीचा पापुद्रा घेऊन खाली येतो. शेजारच्या घराला तसंच झालंय, ते नेऊन दाखवलं. बाईनं ठेकेदाराकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग ती अक्काजवळ बसून विचारत राहिली, पोताऱ्याची माती कुठली, शेण किती, कशानं फिरवता. अक्का तासभर बोलली. माझ्याशीसुद्धा ती एवढं बोलत नाही.

जुन्या घराच्या बाबतीत इतकी समज असणारा गिऱ्हाईक पुन्हा मिळायचा नाही, हे मला कळत होतं. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे जुन्या लाकडाचे व्यापारी. चुलतभावानं त्याच्या बाजूचे नक्षीचे चार खांब एकाला विकले. दोन वर्षांनी मी हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो तर त्यातला एक तिथं गल्ल्याशेजारी उभा. मी ओळखला. वासराच्या दाव्यानं पडलेली खाच होती त्याला. खाचेवर पॉलिश मारलं होतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून पुन्हा उभा केलाय, त्याला निदान गोष्ट तरी लावलेली आहे. नाशिकच्या सरकारवाड्याचंही पुरातत्त्व खात्यानं बघितलं. आमच्यासारख्या घरांचं बघायला कुठलं खातं येणार? एक तर हे जोडपं, नाहीतर तो व्यापारी, नाहीतर पाऊस.

मग कागदाचा मसुदा आला. सुनेनं वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, की लिहून देणार यांनी मिळकतीचा खुला व रिकामा ताबा लिहून घेणार यांना द्यावा. असं प्रत्येक खरेदीखतात असतं. वकिलाच्या संगणकात ते आधीच टाईप केलेलं असतं. पण मला त्या दोन शब्दांत मेलचं अख्खं पुस्तक दिसलं. त्यालाही असाच रिकामा ताबा मिळाला होता. म्हणून तो एवढं मोकळं हसू शकला.

मी पुतण्याला फोन लावला. म्हटलं, ताबा रिकामा नाहीये. दोन खणांत अक्का आहे. ती असेपर्यंत ते दोन खण तिचे, असं कागदात येऊ दे. वाटलं तर पैसे कमी द्या. पुतण्या म्हणाला, "आप्पा, तिचं नाव उताऱ्यावर नाहीये." म्हटलं, माहिती आहे. कुणी नाही लावलं तेही माहिती आहे. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी विचारतो त्यांना. पण बाकीच्या दहा जणांना पैसे कमी मिळाले तर तुम्ही समजावणार का?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, अजून नाही. मधल्या भावानं तर बोलणंच टाकलंय. त्याच्या नातवाच्या शिक्षणाचे पैसे यात अडकलेत, त्याचंही खोटं नाही.

जोडप्यानं विचार करून सांगतो म्हटलंय. पुस्तक मी पुतण्याबरोबर त्यांना परत धाडलं. फॉस्टिनच्या भीतीची गोष्ट आहे त्या पानात सुनेच्या वहीचा एक कागद घालून ठेवला. त्यावर काही लिहिलं नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला, उत्तर नाही. जेठात मी नेहमीसारखी एक ट्रॉली पांढरी आणली. टेकाड आता जवळजवळ संपलंय, शेवटाची माती मुरमाट येते, चाळून घ्यावी लागली. गडी मिळेना म्हणून मी आणि मुलगा दोघंच वर चढलो. मधला भाऊ रस्त्यानं जाताना थांबला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलला, "विकायचंय तर माती कशाला वाया घालवतो?" मी काही बोललो नाही, धुमस चालू ठेवलं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं खालून टोपली भरून वर दिली. एक, मग दुसरी.

अक्का खाली अंगणात उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "पन्हाळना आंगे जराक जास्ती टाक रे भाऊ. मागला सालले तठूनच गये."

मी पन्हळीकडं आणखी दोन टोपल्या ओतल्या.